पडद्यावरची खाष्ट सासू : येवल्याची अंबू

"आमच्या सासूबाई ना, अगदी ललिता पवार आहेत हो!"

हे वाक्य ऐकले नाही अशी एक तरी मैत्रीण सापडेल का? भिशीत, हळदीकुंकवाला, गच्चीवर पापड वाळत घालताना कुणीतरी ते म्हणतेच. एकदा नाव घेतले की पुढे काही सांगावे लागत नाही. पदर कमरेला खोचलेली, एक डोळा बारीक करून बघणारी, सुनेने दुधात साखर किती घातली यावर पाळत ठेवणारी बाई लगेच समोर उभी राहते. जिने ललिताबाईंचा एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही, तीसुद्धा हे नाव बिनदिक्कत वापरते. एखाद्या नटीचे नाव असे शिवीसारखे घरोघर रुळावे, हे तिचे यश म्हणायचे की दुर्दैव?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणातले काही प्रवेश बसवायचे होते. सीता व्हायला बारा मुली तयार. कैकेयीसुद्धा चालेल, कारण तिला दागिने आहेत. मंथरा मात्र कुणालाच नको! "बाई, मग मला सगळे वर्षभर मंथराच म्हणतील," असे आठवीतली एक मुलगी म्हणाली. तिचे काही चुकले नाही. आपण प्रेक्षक आहोतच तसे. म्हणून मग मी वर्गात त्या मंथरेची, म्हणजे ललिताबाईंची गोष्ट सांगायला बसले. ती सांगताना मलाच वाटले, की ही गोष्ट मुलींच्या आधी त्यांच्या आयांना सांगायला हवी.

येवला म्हटले की आपल्याला आठवते ती पैठणी. पैठण आपल्या जिल्ह्यातले खरे, पण लग्नाचा बस्ता निघाला की संभाजीनगरच्या कितीतरी बायका वैजापूरवरून सरळ येवल्याची वाट धरतात. त्याच येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी लक्ष्मणराव सगुण यांच्या घरी ही मुलगी जन्मली. नाव अंबा, लाडाने अंबू. वडिलांचा व्यापार रेशमी आणि सुती कापडाचा. घर खाऊनपिऊन सुखी आणि रीतिरिवाज पाळणारे. अशा घरातली मुलगी त्या काळात सिनेमात जाते म्हणजे काय, हे नीट समजायला आणखी थोडे मागे जावे लागेल.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तो १९१३ साली. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी बाई शोध शोध शोधली. चांगल्या घरातली तर राहोच, पण जिची समाजात काही पत राखायची नाही अशीही बाई तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे आपल्या सिनेमात पहिल्यांदा खरीखुरी स्त्री दिसली. त्या दोघीही नाटकातून आल्या होत्या, म्हणजे लोकांनी नावे ठेवायची ती आधीच ठेवून झाली होती.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पुन्हा एका 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात अंबू कॅमेऱ्यासमोर आली. वय परकर-पोलके घालण्याचे. पगार अठरा रुपये, असे सांगतात. सिनेमा अजून मुका होता. बोलायचे काहीच नाही, सगळे काही चेहऱ्याने आणि हातवाऱ्यांनी सांगायचे. पुढे ज्या चेहऱ्याने तिला दगा दिला, त्या चेहऱ्याचे शिक्षण असे बिनआवाजाच्या शाळेत झाले. मूकपटांत तिचे नावही 'अंबू' असेच लागायचे. 'ललिता' मागाहून आली, आणि 'पवार' हे आडनाव पहिल्या लग्नाचे, गणपतराव पवारांचे. तो संसार काही टिकला नाही. पुढे त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी लग्न केले. पण आडनाव पडद्यावर रुजले ते रुजलेच.

आता एक गंमत ऐका. ललिता पवार म्हणजे जन्मजात सासू, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात १९३० च्या सुमारापासून पुढची दहा-बारा वर्षे ही बाई नायिका होती! आणि नुसती झाडामागून लाजणारी नायिका नाही बरं का. त्या काळात मारधाडीचे आणि पौराणिक चित्रपट खूप चालत, त्यांत ती दिमाखाने वावरायची. १९३२ साली 'कैलास' नावाच्या मूकपटाच्या निर्मितीत तिने स्वतःचा वाटा उचलला. तेव्हा तिचे वय होते सोळा! सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो, ते आठवून बघा. मी तर दहावीच्या भूमितीला रडत होते.

बोलपट आले तेव्हा कितीतरी नटनट्यांची पंचाईत झाली. चेहरा गोड, पण आवाज नाही. उच्चार धड नाहीत, गाता येत नाही. पार्श्वगायन रुळायचे होते, त्यामुळे जिचे गाणे तिनेच गायचे. ललिताबाई तिथेही निभावून गेल्या. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दा' या बोलपटातल्या त्यांच्या गाण्याचे कौतुक झाले. १९३८ मध्ये त्यांनी 'दुनिया क्या है' काढला. कथा टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवरून घेतलेली, म्हणजे फसवल्या गेलेल्या एका मोलकरणीची. निर्मात्या त्याच, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. बावीस वर्षांच्या बाईने पदरचा पैसा टॉलस्टॉयवर लावावा, हे मला तरी फार विशेष वाटते. मराठीतही भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'अमृत' (१९४१) अशी मोठी कामे त्यांना मिळत होती. सगळे कसे छान चालले होते.

आणि मग १९४२ साल उजाडले.

'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचे काम सुरू होते. प्रसंग असा, की ललिताबाईंना थोबाडीत मारायची. मारणारे नट होते भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. 'अलबेला'वाले भगवानदादा, पण 'अलबेला'ला अजून नऊ वर्षे होती. सिनेमातली थोबाडीत कशी मारतात हे ठाऊक आहे ना? हात गालाजवळून न्यायचा, मान वेळेवर फिरवायची, बाकीचे काम कॅमेरा आणि आवाज करतात. ते जमले नाही. हात खरोखरच बसला आणि असा बसला, की ललिताबाई जागीच कोसळल्या. डाव्या डोळ्यातली शीर फुटली. पुढे चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. उपचार दोन-तीन वर्षे चालले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा.

त्यांचे वय तेव्हा सव्वीस.

हा प्रसंग लिहिताना मी थोडी थांबले. शिक्षिकेचा चेहरा वाकडा झाला तर ती शिकवत राहील. शिवणकाम करणारी शिवत राहील. पण जिची भाकरीच चेहऱ्यावर आहे तिने काय करायचे? आणि नटीच्या बाबतीत दुसऱ्याला जो न्याय लागतो तो लागत नाही, हेही बघा. अमेरिकेत मूकपटांच्या काळात हॅरॉल्ड लॉइड नावाचा मोठा विनोदी नट होता. १९१९ साली छायाचित्रे काढताना खोटा म्हणून हातात दिलेला बाँब खरा निघाला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. त्याने हातमोजा चढवला, त्यात खोटी बोटे बसवली आणि तो नायकच राहिला. उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा माणूस तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. तो हाच, आणि ते दृश्य अपघातानंतरचे, १९२३ सालचे! त्याचा हात झाकता आला. ललिताबाईंचा डोळा कसा झाकणार? आणि नायिकेचा चेहरा जरासा बदलला तरी नायिकापद गेले, हे तर तेव्हाही कुणी सांगावे लागत नव्हते.

इकडे भगवानदादा १९५१ साली 'अलबेला'चे नायक झाले. ते वयाने ललिताबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठे. दादांवर मला राग काढायचा नाही, अपघात तो अपघात. पण हिशोब मांडला की मन जरा खट्टू होते, एवढेच.

पुन्हा उभे राहायचे तर जे उरले आहे त्यावर. १९४४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' आला. त्यात ललिताबाई होत्या आनंदीबाई. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई! मराठी माणसाला यापेक्षा मोठी खलनायिका सांगायला नको. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो दोष शाळेच्या पुस्तकापासून आपण तिच्या माथी मारत आलो आहोत. (खरे-खोटे इतिहासकार जाणोत.) नायिकेला नको असलेला तो बारीक डोळा या भूमिकेत हवाहवासा झाला. तिने नुसते तिरपे पाहिले तरी प्रेक्षकांच्या अंगावर काटा येई. तिथून त्यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी लांबली.

१९५० सालचा व्ही. शांताराम यांचा 'दहेज' हा या दुसऱ्या कारकिर्दीतला महत्त्वाचा चित्रपट. हुंड्याचे पैसे पुरे पडले नाहीत म्हणून सुनेचा छळ करणारी सासू ललिताबाईंनी उभी केली. जयश्रीबाई सून, पृथ्वीराज कपूर मुलीचा बाप. शेवटी ती मुलगी जिवाला मुकते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला, म्हणजे हा सिनेमा त्याच्या अकरा वर्षे आधीचा. सासू खोटी किंवा गुळमुळीत वाटली असती तर सगळा चित्रपट फुकट गेला असता. आयाबाया डोळ्याला पदर लावून बाहेर पडत आणि सासूला शिव्या घालत, त्या शिव्या म्हणजेच ललिताबाईंच्या कामाची पावती.

पण त्यांचे वय किती होते, हे लक्षात घेतले का? चौतीस! मी आज त्याच्याच आसपास आहे. आरशात एखादा पांढरा केस दिसला तर मी मेंदी भिजवायला घेते, आणि या बाईने त्या वयात मुद्दाम केस पांढरे करून घेतले. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्यापेक्षा अवघा सहा वर्षांनी लहान! राज कपूर आठ वर्षांनी लहान, त्यालाही त्यांनी पडद्यावर मायेने पोटाशी धरले. घरात धाकट्या दिरापेक्षाही कमी अंतर हो हे.

राज कपूरचे नाव निघालेच आहे तर 'श्री ४२०' (१९५५) मधली केळेवाली आठवा. मुंबईत नव्याने आलेला, खिसा रिकामा असलेला राज तिच्या टोपलीशी घासाघीस करतो, आणि फूटपाथवर बसलेली गंगामाई आधी तोंडाचा पट्टा सोडते. मग त्याला आपल्या पंखाखाली घेते. भाजीमंडईत अशा मावश्या आपल्या रोजच्या ओळखीच्या. शिवी आणि वरची चार मिरच्यांची मूठ एकाच हाताने देणाऱ्या. ललिताबाईंना ती बाई कुठे शोधावी लागली नसणार.

त्याच वर्षी गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' आला. त्यात त्या होत्या नायिकेची आत्या, सीतादेवी. स्त्रियांच्या हक्कांवर भाषणे देणारी, घटस्फोटाच्या कायद्यासाठी झगडणारी, पुरुषांचा तिटकारा असणारी. आपला हिंदू विवाह कायदाही त्याच १९५५ सालचा. सिनेमाने सीतादेवींची यथेच्छ टिंगल केली आहे. मला तो सिनेमा आवडतो, गाणी तर फारच, पण आज पाहताना सीतादेवींचे निम्मे म्हणणे मला पटते आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांचेच हसू येते. ललिताबाईंनी ती बाई नुसती चेष्टेची केली नाही. तिच्या ताठ मानेत एक रुबाब ठेवला.

'सुजाता' (१९५९) मध्ये अस्पृश्य जातीतली पोर घरात वाढवायला विरोध करणारी सोवळी म्हातारी त्याच. 'जंगली' (१९६१) मध्ये घरात हसायलाही बंदी घालणारी आई त्याच. 'प्रोफेसर' (१९६२) मात्र जरूर बघा. त्यात भाच्यांना धाकात ठेवणारी कडक मावशी आहे. शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा प्रोफेसर बनून घरात शिरतो आणि या प्रौढ, एकट्या बाईचे मन त्याच्यावर जडते. ती हळूच नटायला लागते. थिएटरात लोक हसतात. मीही हसले, पण मग घशात काहीतरी अडकल्यासारखे झाले. जिला सगळ्यांनी वाघीण म्हणून बाजूला ठेवले, तिलाही कुणीतरी आपल्याकडे बघावे असे वाटत होते, हे ललिताबाई एकही वाक्य न बोलता दाखवून जातात.

आणि 'अनाडी'. १९५९ सालचा हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट मी तीनदा पाहिला आहे. मिसेस डिसा ही ख्रिश्चन घरमालकीण. भाडे थकले की भाडेकरू राजवर खेकसते, आणि तो उपाशी आहे हे कळले की त्याला जेवू घालते. त्याला कळू नये अशा बेताने त्याला जपते. पुढे बाजारातल्या भेसळीच्या औषधाने तिचाच बळी जातो आणि आळ येतो त्या बिचाऱ्या राजवर. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. आता गंमत अशी, की डोळा तोच. 'दहेज'मध्ये ज्या डोळ्याने जाळले, त्याच डोळ्यात 'अनाडी'त नुसती माया. म्हणजे भीती त्या डोळ्यात कधी नव्हतीच, ती त्यांच्या कसबात होती. हृषीदांना ही मिसेस डिसा बहुधा विसरता आली नसावी. 'आनंद' (१९७१) मध्ये राजेश खन्नाला दटावणारी आणि त्याच्यासाठी हळवी होणारी मेट्रन त्यांनी ललिताबाईंनाच दिली, आणि तिचेही आडनाव ठेवले डिसा!

१९६१ साली संगीत नाटक अकादमीचा मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी 'संपूर्ण रामायण' या चित्रपटात त्या मंथरा झाल्या. पुढे पंचवीस-सव्वीस वर्षांनी रामानंद सागर दूरदर्शनसाठी 'रामायण' करायला निघाले, तेव्हा मंथरा म्हणून पुन्हा त्यांनाच बोलावणे गेले. १९८७ चा जानेवारी, रविवारची सकाळ, रस्ते ओस. हे सगळे मी सासूबाईंकडून ऐकलेले. मी स्वतः ती मालिका पाहिली २०२० च्या टाळेबंदीत, दूरदर्शनने पुन्हा दाखवली तेव्हा, सासूबाईंच्याच शेजारी बसून आणि शेंगा सोलत. सत्तरी ओलांडलेली बाई कमरेत वाकून, काठी टेकत, कैकेयीच्या कानाशी लागते. आवाज चढत नाही, उलट उतरतो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हिला बघून भीती वाटायची, पण ही दिसली नाही तर भाग कसा मिळमिळीत वाटायचा." समीक्षकांनी पानभर लिहिले असते तेच त्यांनी एका वाक्यात सांगितले.

एक मात्र मनात येते, ते लिहून टाकते. ललिताबाईंच्या सासवा खूप खऱ्या वाटल्या, आणि पडद्यावर तीच ती सासू पुन्हा पुन्हा येत राहिली. मुलगी लग्न होऊन जाते ती डोक्यात ललिता पवार घेऊनच. समोरची बाई नुसते "मीठ जरा जास्त झालंय गं" म्हणाली तरी आपल्याला तो बारीक डोळा दिसू लागतो. आणि त्या बाईलाही ठाऊक असते, की आपल्याला पाठीमागे काय नाव पडणार आहे. हा दोष नटीचा नाही. कथा लिहिणाऱ्यांना सासूखेरीज दुसरे काही सुचत नव्हते, आणि आपल्यालाही तेच बघायला आवडत होते. आजच्या मालिका लावून पाहा, भरजरी साड्या सोडल्या तर फारसे काही बदललेले नाही. फक्त ललिताबाईंसारखे काम करणारी त्यांत नाही.

त्यांनी एकूण सातशेच्या आसपास चित्रपटांत कामे केली असे म्हणतात. सुमारे सत्तर वर्षांची कारकीर्द. मुक्या सिनेमापासून दूरदर्शनपर्यंतचा सगळा प्रवास त्या एका बाईने पायी केला म्हणा ना. शेवटी त्या पुण्याला औंधमध्ये राहत होत्या. जबड्याच्या कर्करोगावर उपचार चालू होते. पुन्हा चेहराच. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या. पती त्या वेळी इस्पितळात होते, घरात दुसरे कुणी नव्हते. त्या गेल्याचे लोकांना दोन दिवसांनी कळले.

ज्यांना त्यांचे काम बघायचे आहे त्यांनी सुरुवात 'दहेज'पासून करू नये, मन फार जड होते. एखाद्या रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर आधी 'अनाडी' लावा, मग 'प्रोफेसर'. सासूबाईंना हाक मारायला विसरू नका. त्यांना ललिताबाईंचे आणखी चार सिनेमे नक्की ठाऊक असतील.